भाता थांबतो तेव्हा

मला अडकित्त्यांचं वेड आहे. पानाचं नव्हे, पान मी लग्नकार्यात कोणी हातात ठेवलं तरच खातो. पण घडीव लोखंडाचा, मुठीवर मोर नाहीतर घोडा काढलेला जुना अडकित्ता दिसला की माझा पाय तिथून हलत नाही. घरात असे एकवीस आहेत. बायको म्हणते, "सुपारी कातरायला एक पुरतो. बाकीचे वीस काय माझं डोकं कातरायला ठेवलेत?" मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवतो. रेघ आणि रंग हाच माझा धंदा. शिवाय दुसऱ्याची चूक किंवा दुसऱ्याची युक्ती आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसली, की मला फार आनंद होतो. या आनंदापायी मी एका गावात काय करून ठेवलं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. विदर्भ आता आपलाच, असं आम्ही पुण्यात म्हणत होतो. पण आमच्यापैकी तिकडे गेलं होतं कोण? बुलढाणा नकाशात दाखव म्हटलं असतं, तर मलाही बोट बरंच फिरवावं लागलं असतं. माझे साडू वामनराव लोणारला मास्तर आहेत. दिवाळीच्या आधी त्यांचं पत्र आलं. सरोवर बघायला या, सगळे येतात, तुम्हीच राहिलात, असं सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ होती : "तुमच्या कामाचा एक अडकित्ताही इथे आहे." सरोवरासाठी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. त्या ओळीसाठी गेलो.

लोणार

सरोवर पाहिलं. वामनरावांनी दाखवल्याशिवाय सोडलंच नसतं. गाव संपतं तिथे जमीन एकदम खाली जाते, आणि तळाशी हिरवंगार पाणी. आकाशातून दगड पडून हा खड्डा झाला म्हणतात. खाली उतरून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट, तुरट, साबण चाटल्यासारखं. "प्रत्येक पाहुणा चाखतो आणि प्रत्येक पाहुणा तोंड वाकडं करतो," वामनराव म्हणाले. वर चढताना माझा दम गेला, त्यांचा नाही. साडू असल्यामुळे त्यांनी तेवढं बोलून दाखवलंच.

जेवणानंतर त्यांनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि तो अडकित्ता काढला. दोन राघू चोचीला चोच लावून बसलेले. पंखांची पिसं पितळी तारेची, लोखंडात खाच करून ठोकून बसवलेली. बोट फिरवलं तर तार कुठे संपते आणि लोखंड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पण मी थक्क झालो ते पात्यानं. माझे एकवीस अडकित्ते दिसायला देखणे आणि कातरायला ढ आहेत. हा अडकित्ता सुपारीत असा उतरला की आवाजसुद्धा झाला नाही, आणि चकती निघाली ती धरून पलीकडचा दिवा दिसावा इतकी पातळ.

"कोणी केला?"

"गणपत लोहार. दुसरबीडच्या पलीकडे दोन कोसांवर गाव आहे. म्हातारा झाला आता, पण त्याच्या पाण्याला तोड नाही."

पाणी म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी. तापलेलं पातं नेमक्या क्षणी पाण्यात बुडवलं तर धार टिकते. क्षणभर आधी बुडवलं तर पातं काचेसारखं तडकतं, क्षणभर उशीर झाला तर शिशासारखं वाकतं. तो क्षण ओळखायचा तो रंगावरून. रंग म्हटल्यावर मी कान टवकारले. वामनरावांनी त्याच गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला चिठ्ठी पाठवली, आणि दोन दिवसांनी मी दुसरबीडच्या एसटीत बसलो.

रंगनाथभाऊंचं घर

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या लोकांबद्दल मी एकदा जास्त बोललो आहे, तेवढं पुरे.

दुसरबीडला उतरलो तेव्हा ज्यांच्याकडे चिठ्ठी गेली होती ते रंगनाथभाऊ बैलगाडी घेऊन उभे होते. पन्नाशीचा, काटक माणूस. वांगी-मिरचीचा मळा आणि थोडी ज्वारी-कपाशी. फाट्याजवळच एक नवं टपरीवजा दुकान दिसलं. तिथे एक तरुण लोहार हातानं फिरवायचा लोखंडी पंखा लावून भट्टी पेटवत होता. मी विचारलं, "तुम्ही याच्याकडे नाही येत?"

"याच्यापाशी बरीच गावं येतात," रंगनाथभाऊ म्हणाले. "आमचं गाव नाई येत. आमचा बाबा हाये ना."

ज्वारी कापणीला आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी कणसं वाकलेली. कापणीच्या तोंडावर गावातला प्रत्येक विळा लोहाराकडे जातो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे विळा म्हणजे विळी, आणि तिची धार गेली की धारवाला दारावर येतो.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. भाजीवर तेलाची लाल तर्री इतकी की वांगी शोधावी लागली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रंगनाथभाऊंच्या बायकोनं दारामागून विचारलं, "तुमच्याकडं म्हणे भाजीत गूळ टाकतात. काऊन टाकतात?"

चव येते म्हटलं.

"आमी लेकराले औषध देतानी गूळ देतो," त्या म्हणाल्या आणि तांब्याभर ताक पाठवलं. पुण्यात पाहुण्याला "जेवूनच आला असाल ना?" असं विचारतात म्हणून आमची चेष्टा होते, इथे मी चौथी भाकरी नको म्हटली तर माझी तब्येत बरी नाही का, अशी चौकशी झाली.

भट्टी

गणपतबाबांची भट्टी गावाच्या कडेला, बाभळीखाली, त्यांच्या घराला लागूनच. तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तीन भिंती, वर पत्रा, आत इतका अंधार की उन्हातून आल्यावर थोडा वेळ काहीच दिसेना. अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. मधे ऐरण, तिला सकाळचं हळदकुंकू. डावीकडे दगडी डोणीत पाणी. उजवीकडे कातड्याचा मोठा भाता, आणि त्याची साखळी ओढत बसलेली गणपतबाबांची बायको, सरुबाई. साठीच्या आसपासची, मनगटं पुरुषासारखी. घण मारायची वेळ आली की भाता सोडून तीच उठायची, पदर खोचायची आणि दणादण घाव घालायची. घाव झाले की पुन्हा भात्याशी. सांडशी मात्र बाबांच्या हातात. "बाईनं भाता ओढावा, घण मारावा, सांडशी अन् पाणी माणसाचं," अशी तिथली रीत, रंगनाथभाऊंनी आधीच सांगितली होती.

मी पिशवीतून माझा लाडका घोड्याचा अडकित्ता काढून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला नाही. अंगठा आणि दोन बोटं मुठीवरून हळूहळू फिरवली. "घोडा चांगला हाये. पन इथं कानस उलटी मारली त्यानं." मी जवळ नेऊन पाहिलं. घोड्याच्या मानेखाली, चार वर्षांत मला न दिसलेले, उलट दिशेचे ओरखडे होते. मी मनात म्हटलं, काय ही कारागिराची ऐट! डोळे वापरायची गरजच नाही.

राघूचा अडकित्ता मला हवा आहे म्हटल्यावर त्यांनी कोनाड्यातून दोन मुठी काढल्या. राघू तयार होते, पातं फक्त व्हायचं होतं. "तुमचं नशीब. तीन दिसांत देतो. पन आधी इळे."

मी ओट्यावर बसून चित्रं काढू लागलो. चित्र काढणारा माणूस फार बघतो, हा त्याच्या धंद्याचा दोष. सरुबाईंनी चहा आणला. बशी ऐरणीच्या कडेला ठेवताना त्यांनी ती टक्कन वाजवली, आणि बाबांचा हात सरळ बशीवर गेला. मग माझ्या लक्षात आलं की विळा भट्टीत असताना बाबांचा चेहरा विस्तवाकडे नसतो. तो थोडा तिरका, कान दिल्यासारखा भात्याकडे असतो. भाता थांबला की ते विळा बाहेर काढत. धार डोणीत जराशी टेकवून दगडावर घासत, आणि मग त्या उजळ पट्टीवर रंग चढू लागत : आधी कडब्यासारखा पिवळा, मग गुळासारखा, मग जांभळा. तो पिवळा गुळाकडे झुकला, की सरुबाईंच्या हातातली भात्याची साखळी सुटायची आणि खळकन वाजायची. त्याच क्षणी विळा पाण्यात. चर्र.

पहिल्यांदा वाटलं योगायोग. मग एकामागून एक सात विळे झाले, आणि सातही वेळा आधी साखळी वाजली, नंतर पाणी वाजलं. रंग मलाही दिसत होता, म्हणून सांगतो, त्या बाईची एकदाही चूक झाली नाही.

मला काय आनंद झाला! रात्री झोपतानाही मी स्वतःवर खूश होतो. अख्ख्या गावाला जे कळलं नाही ते मला एका दुपारीत कळलं होतं.

उचलली जीभ

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर आठ-नऊ शेतकरी विळे घेऊन बसले होते. तंबाखूची देवाणघेवाण चालली होती. मी चित्रं पुढे काढत होतो. एक विळा पाण्यातून बाहेर आला तसा एका म्हाताऱ्यानं तो नखावर लावून पाहिला आणि मला म्हणाला, "मास्तर, लिहून घ्या. आमच्या बाबाच्या नजरेले अख्ख्या तालुक्यात तोड नाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "नजर बाबांची नाही हो, नजर सरुबाईंची!"

एवढ्यावर थांबलो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. पण मी मास्तर. फळ्यासमोर उभं राहावं तसा उभा राहिलो आणि समजावून सांगितलं. भाता थांबतो तेव्हा विळा बाहेर, साखळी वाजते तेव्हा पाण्यात; बाबा विस्तवाकडे बघतसुद्धा नाहीत, ते ऐकतात; रंग ओळखतात त्या या बाई. मला खरंच वाटत होतं की मी एका गुणी बाईला तिचं श्रेय देतो आहे. बोलून झाल्यावर मी कौतुकासाठी इकडेतिकडे पाहिलं.

कोणी "खरं की काय?" असंही म्हणालं नाही. म्हातारा पायाजवळच्या मातीत काडीनं रेघा ओढू लागला. रंगनाथभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसलो. सरुबाईंच्या हातात साखळी तशीच ताठ होती.

गणपतबाबांनी विळा विस्तवातून काढला, ऐरणीवर आडवा ठेवला. सांडशी त्याच्याशेजारी ठेवली. मग चेहरा आमच्याकडे करून म्हणाले, "कोणी दचकलं नाई."

एकानं तंबाखूची चंची गुंडाळली.

"म्हंजे समद्यायले मालूम होतं." ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले. तिथून म्हणाले, "इळे घेऊन जा. उद्यापासून दुसरबीडले जात जा." आणि घरात गेले. भट्टीतले निखारे हळूहळू काळे पडले, आणि माणसं आपापला विळा उचलून, एकमेकांकडे न बघता निघून गेली.

अति शहाणा

परतताना रंगनाथभाऊ बांधावरून पुढे चालत होते. बराच वेळ त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पाच वर्सं झाली. भट्टीच्या झळीनं डोळे गेले त्याचे. जालन्याच्या डाक्टरनं हात टेकले. फकस्त उजेड अन् सावली दिसते त्याले."

"मग कळलं कसं तुम्हाला?"

"सरुकाकू भावाच्या तेराव्याले माहेरी गेली होती. त्या आठ दिसांत बाबानं जेवढ्या इळ्यायले पाणी देल्लं तेवढे समदे वाकले. एकबी नाई राह्यला. तवापासून काकू गावाले गेली की आमचे इळे बिघडत नाईत." ते थांबले आणि माझ्याकडे वळले. "समजलं का? बिघडले तरी बिघडत नाईत. काकू येईलोक थांबतो आमी. बाबाले वाटते गावाले काई मालूम नाई. त्या वाटण्यावर तो सकाळी उठून बसते, मास्तर."

मी म्हणालो, मला त्या बाईचं नाव व्हावं असं वाटलं.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," रंगनाथभाऊ म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. ही म्हण मी वर्गात अनेकदा सांगितली होती. माझ्यावर वापरलेली पहिल्यांदाच ऐकली.

दुपारी मी एकटाच माफी मागायला गेलो. परतीची एसटी असती तर कदाचित पळूनही गेलो असतो. सरुबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमाले वाटलं माझं नाव करावं. मले नाव कायले पाह्यजे? मले भट्टी पाह्यजे."

"चूक झाली माझी."

"चूक नाई. खरं बोललात. पन खरं सांगाले तुमाले इचारलं कोणी?"

त्यांनी सूप झटकलं आणि दाराकडे मान केली. गणपतबाबा आत भिंतीला टेकून बसले होते. हातात माझ्या अडकित्त्याचे दोन राघू. बोटं पिसांवरून फिरत होती. मी समोर बसलो, आलो आहे असं सांगितलं.

"आवाजावरून समजलं," ते म्हणाले. मग राघू मांडीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, आमी दोघंबी याच्यावर कधी बोललो नाई. एक डाव मी इळा काढाले उशीर केला, तर हिनं भाता थांबवला. मी काढला. मंग तसंच चालू झालं. ती बोलली नाई, मीबी नाई. गावबी नाई. पाच वर्सं समद्यायनं मिळून मले डोळस ठेवलं. तुमी एका घडीत आंधळं केलं."

ते चिडून बोलले असते तर मला सोसलं असतं. हवा कशी आहे ते सांगावं तशा आवाजात ते बोलले. मी तिथे रडलो. चाळीस ओलांडलेला पुरुष, परक्या घरात, आणि ज्याला लागलं होतं तो माणूस मला "पानी घ्या" म्हणत होता.

निघताना सरुबाईंना विचारलं, उद्या लोक खरंच दुसरबीडला जातील का? त्या म्हणाल्या, "ज्वारी उभी हाये शेतात. इळ्याबिगर कापतीन का हातानं? सकाळी भट्टी पेटली तर इथं येतीन. नाई पेटली तर जातीन. अन् एक डाव तिकडची वाट पडली का मंग ही वाट मोडली." एवढं बोलून त्या पुन्हा ज्वारी निवडू लागल्या.

त्या संध्याकाळी रंगनाथभाऊंच्या घरी जेवण कालच्याइतकंच वाढलं गेलं. ठेचाही तितकाच तिखट. पण गुळाची चेष्टा कोणी केली नाही.

तिसरा दिवस

सकाळची एसटी गाठायची तर उजाडताच निघायला हवं होतं. मी निघालो नाही. रंगनाथभाऊंनी खुंटीवरचा विळा घेतला, मी पिशवी घेतली, आणि कोणी कोणाला न विचारता आम्ही भट्टीकडे गेलो.

भट्टी पेटलेली होती. सरुबाईंनी ऐरण पुसून हळदकुंकू लावलं होतं. पण त्या भात्याशी नव्हत्या. बाबांच्या जागी, सांडशीपुढे बसल्या होत्या, पदर घट्ट खोचून, मान खाली. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "तुमचं पातं सुगीनंतर. लोणारच्या मास्तरायपाशी पाठवून देऊ." अडकित्त्याची आठवण मला तेव्हा नको होती, पण मी मान हलवली.

माणसं येत होती. भट्टीच्या आत कोणी येईना. बाभळीखाली उभी राहिली, आठ, दहा, बारा. बाईच्या हातात सांडशी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. काही जणांच्या खांद्यावर भाकरीचं फडकं होतं, म्हणजे ती दुसरबीडला जायच्या तयारीनं निघाली होती. सगळे घराच्या दाराकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं गणपतबाबा बाहेर आले. भिंतीला हात लावत भट्टीत आले. ऐरणीजवळ थांबले, हात पुढे केला, तो सरुबाईंच्या खांद्याला लागला. त्या उठल्या नाहीत. बाबा तसेच उभे राहिले. मग ऐरणीला वळसा घालून पलीकडे गेले, भात्याशी बसले आणि साखळी हातात घेतली.

रंगनाथभाऊ पुढे झाले. सवयीनं म्हणा, मान म्हणून म्हणा, त्यांनी विळा बाबांपुढे धरला. बाबांनी हातानं पातं चाचपलं आणि म्हणाले, "माझ्यापाशी कायले? तिकडं दे."

विळा विस्तवात गेला. बाबा भाता ओढत होते, सरुबाई बघत होत्या. पाच वर्षं जे त्यांना झोपेत जमलं असतं ते आज बारा माणसांपुढे करायचं होतं. विळा बाहेर निघाला, धार पाण्याला टेकली, दगडावर घासली. पिवळा चढला, गूळ चढला. बुडवा, बुडवा, असं मी मनात ओरडत होतो; तोंड मात्र या वेळी बंद ठेवलं. त्यांची नजर एकदा बाभळीखालच्या माणसांकडे गेली. जांभळा गेला, निळा आला, आणि मग विळा पाण्यात गेला.

चर्र आवाज ऐकूनच बाबा म्हणाले, "उशीर झाला."

बाभळीखाली कोणीतरी उठलं. सगळ्यांच्या माना वळल्या. कालचाच तो म्हातारा. तो भट्टीत आला, डोणीजवळची रिकामी बादली उचलली, आणि विहिरीवरून पाणी आणून डोणीत ओतलं. मग बाहेर न जाता आतच भिंतीशी टेकून बसला.

"पुन्हा तापव, काकू," रंगनाथभाऊ म्हणाले. "मी बसलो हाये."

एकेक जण आत येऊन बसू लागला. भाकरीची फडकी खांद्यावरून खाली आली. सरुबाईंनी पदरानं तोंड पुसलं, विळा पुन्हा निखाऱ्यांत सारला. बाबांनी साखळीवर हात ठेवला, पण ओढली नाही. बायकोला हाक मारायची झाली तर "अवं" म्हणणारा तो माणूस, गावासमोर, चेहरा बरोबर तिच्याकडे करून म्हणाला, "सरू, ओढू का थांबू?"

त्यांनी सांडशीनं निखारे सारखे केले. मग म्हणाल्या, "ओढा."

भाता चालू झाला. निखारे लाल झाले, मग केशरी. त्या भट्टीत लोखंडाबद्दल मोठ्यानं एक शब्द न बोललेली ती बाई, आता विस्तवावरची नजर न काढता बोलत होती. "ओढा. अजून. जरा हळू. ओढा." आणि मग, "थांबा."

भाता थांबला. या वेळी तिनं बाहेर पाहिलं नाही. कडब्याचा रंग गुळाकडे झुकला आणि विळा पाण्यात गेला. रंगनाथभाऊंनी तो बाहेर काढून नखावर लावला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी अंगठा धारेवरून आडवा नेला, टोकापासून मुठीपर्यंत, सावकाश. मग विळा बाजूला ठेवला आणि साखळी पुन्हा धरली.

"दुसरा घे," ते म्हणाले.